गुरुवार संध्याकाळ, खामगाव स्टाइल!

परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, अप्रेझलमध्ये एक पॉइंटही वाढत नाही. तरी दिवसभराचं काम आटपून दहा-बारा मोठी माणसं दर आठवड्याला वही-पेन घेऊन बसतात आणि एकाच पानावर दीड-दोन तास वाद घालतात. चर्चमधल्या ‘बायबल स्टडी’ला जाऊन बसलेल्या एका बाहेरच्या मुलीचा हा रिपोर्ट.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला तुम्ही कुठे असता? बहुतेक ऑफिसातच. नाहीतर हिंजवडी ते वाकड या जगातल्या सगळ्यात लांब रस्त्यावर, कॅबच्या मागच्या सीटवर, वीकेंडच्या ग्रुपवर ‘चालेल’ असं टाइप करत. मीही त्यातलीच. म्हणून माझी जुनी रूममेट, कर्वेनगरच्या पीजीपासूनची आमची ‘रूमी’, जेव्हा म्हणाली की तिचे पप्पा गेली कित्येक वर्षं दर गुरुवारी साडेसातला खामगावात एक क्लास घेतात आणि साठीचे लोक त्याला होमवर्क करून येतात, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, ‘कसला क्लास? योगा?’

‘बायबल स्टडी.’

खरं सांगते, मला जरा टेन्शन आलं. ख्रिश्चन जगाबद्दलचं माझं जनरल नॉलेज म्हणजे नाताळचा केक, हिंदी सिनेमातली पांढरी कॉलर घातलेले फादर आणि ‘अमर अकबर अँथनी’. त्यात मी जन्माने ख्रिस्ती नाही. मी तिथे जाऊन काय करणार? पण रूमीला कुणीतरी सोबत हवं होतं. पप्पांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून सांभाळायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. बारीक टाइप त्यांना आता वाचता येत नाही. क्लास पुढे कुणी घ्यायचा, हा प्रश्न गटात निघाला आणि सगळ्यांनी तिचं नाव घेतलं. तिचं! पुण्यात राहणाऱ्या, रविवारी अकराला उठणाऱ्या, ‘मी चर्चला जाते पण नाताळ आणि ईस्टरपुरती’ असं सांगणाऱ्या मुलीचं.

‘तू ये, बघ आणि मला सांग की हे लोक वेडे आहेत का मी,’ ती म्हणाली. मागच्या डिसेंबरात आम्ही दोघी रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलो.

कापूस, चांदी आणि चर्च

जालना, चिखली करत सकाळी खामगावात उतरलं की पहिली भेट होते ती कापसाची. त्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या पांढऱ्या डोंगरासारख्या भरून जिनिंगकडे जात असतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले दिसतात. या कापसासाठीच इंग्रजांनी १८७० मध्ये जळंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा छोटा फाटा टाकला. चांदीच्या कामामुळे गावाला रजतनगरीही म्हणतात. शेगाव इथून जवळ, त्यामुळे बहुतेकांना खामगाव माहीत असतं ते गजानन महाराजांच्या वाटेवरचं एक गाव म्हणून. आणि हो, कचोरीच्या वाटेवरचं म्हणूनही!

इथे ख्रिस्ती वस्ती कशी आली? १९व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्थेचे मिशनरी वऱ्हाडात आले. अकोला, खामगाव, अमरावती अशा गावांत त्यांनी ठाणी केली. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ पडले. आईबाप गेलेली, सोडून दिलेली मुलं रस्त्यावर आली. मिशनने अकोल्याला मुलांचं आणि खामगावला मुलींचं अनाथालय चालवलं. तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यात होतं, बुलडाण्यात आलं ते १९०५ मध्ये.

रूमीची पणजी त्या दुष्काळातल्या मुलींपैकी एक. तिचं मूळ गाव, मूळ आडनाव, जात, घरातलं कुणाला काही माहीत नाही. एक गोष्ट मात्र तीन पिढ्या सांगितली जाते, की ती वाचायला शिकली. तिच्या वयाच्या, तिच्यासारख्या गरीब घरातल्या मुलीने पुस्तक हातात धरायचं, हीच त्या काळी बातमी होती.

हे मी मुद्दाम सांगतेय. कारण चर्चमध्ये मोठी माणसं वही घेऊन का बसतात, याचं उत्तर मला धर्मापेक्षा या वाचण्यातच जास्त सापडलं.

मत द्यायला बंदी

चर्चच्या मागे एक हॉल. ट्यूबलाइट, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकून ठेवलेलं हार्मोनियम, नाताळसाठी आणलेल्या कागदी चांदण्यांचा गठ्ठा कोपऱ्यात. लोक येताना एकमेकांना ‘सलाम’ करतात. मराठी ख्रिस्ती मंडळींचा हा जुना नमस्कार, हातात हात घेऊन. ‘मंडळी’ हा शब्दही त्यांचा खास आहे. आपण ‘काय मंडळी!’ म्हणतो, त्यांच्याकडे मंडळी म्हणजे चर्चमध्ये एकत्र येणारी सगळी माणसं.

त्या दिवशी अकरा जण होते. एक निवृत्त एसटी कंडक्टर, दोन नर्सेस, शिलाईचं दुकान चालवणारं नवरा-बायकोचं जोडपं, शाळेतला एक क्लार्क, बँकेत नुकताच लागलेला एक पोरगा, आणि बाकीचे मला नीट कळले नाहीत. मध्ये रूमीचे पप्पा. ते निवृत्त शिक्षक, त्यामुळे सगळ्यांचे ‘सर’. कोपऱ्यात जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एक मावशी, मांडीवर मोठ्या टाइपचं बायबल. सुरुवात एका भजनाने झाली, ना. वा. टिळकांच्या. हो, तेच शाळेच्या पुस्तकात भेटलेले रेव्हरंड टिळक. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती उपासनेला मराठी अभंगाचं वळण दिलं. साहेबी चालींची मला अपेक्षा होती, निघाली टाळ-पेटी!

मला वाटलं, आता सर उठून अर्धा तास बोलणार. पण सरांनी फक्त एक ओळ सांगितली, ‘पहिली फेरी. मत द्यायला बंदी.’

यांचा फंडा असा आहे. एका संध्याकाळी एकच उतारा घ्यायचा आणि तो तीन फेऱ्यांत वाचायचा. पहिल्या फेरीत विचारायचं, इथे लिहिलंय काय? दुसरीत, त्याला म्हणायचंय काय? तिसरीत, मग माझं काय? पहिल्या फेरीत फक्त जे पानावर दिसतं तेवढंच बोलायचं. कोण, कुठे, कितीदा, आधी काय आणि मग काय. ‘मला वाटतं’ म्हटलं की सर बोट वर करतात. जगभरातले बायबल स्टडी गट थोड्याफार फरकाने हीच पद्धत वापरतात. आधी निरीक्षण, मग अर्थ, मग आपल्या जगण्याशी सांधा. सोपं वाटतं ना? आपल्या पुढच्या टीम मीटिंगमध्ये पहिली २० मिनिटं मत न देता बसून दाखवा.

उतारा होता मत्तयाच्या शुभवर्तमानातला, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. गोष्ट थोडक्यात अशी. मळ्याचा मालक पहाटे जाऊन मजूर ठरवतो, दिवसाला एक दिनार. दिनार म्हणजे तेव्हाची एका माणसाची एका दिवसाची मजुरी. मालक पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला. अगदी संध्याकाळी पाचलाही जातो आणि अजून उभ्या असलेल्यांना कामावर पाठवतो. दिवस मावळल्यावर पैसे वाटतो. पाचला आलेल्यांना एक दिनार. आणि पहाटेपासून राबलेल्यांनाही एकच.

कंडक्टर काकांनी मोजलं, मालक पाच वेळा बाहेर पडतो. नर्सबाईंच्या लक्षात आलं की पाचच्या मजुरांना तो आधी विचारतो, तुम्ही इथे का उभे. बँकेतला मुलगा म्हणाला, पैसे वाटताना शेवटी आलेल्यांना आधी दिलेत. सरांनी एवढंच विचारलं, ‘उलट दिले असते तर?’

दोन मिनिटं शांतता. मग शिलाईवाल्या काकू म्हणाल्या, ‘मंग पहाटंवाल्याइले समजलंच नसतं. ते आपले खुशीत घरी गेले असते.’

बॉस! मी हा मुद्दा अजून एचआरमधल्या कुणाकडून ऐकलेला नाही. आपल्याकडे ऑफर लेटरमध्ये ‘पगार कुणाला सांगू नये’ असं कलम असतं ते उगाच नाही.

रूमी भडकली

दुसऱ्या फेरीत रूमी गप्प बसेल असं मला वाटलं होतं. ती गेली पाच वर्षं एकाच कंपनीत आहे. मागच्या अप्रेझलला तिच्यानंतर चार वर्षांनी आलेल्या मुलीला तिच्याएवढंच पॅकेज मिळालं, हे तिला कॅन्टीनमध्ये कळलं. त्या रात्री आम्ही फोनवर दीड तास त्या मॅनेजरचा उद्धार केला होता. तेव्हा ती जे बोलली तेच ती खामगावच्या हॉलमध्ये, वडिलांच्या समोर, जशास तसं बोलली. हा मालक अन्यायी आहे. तुमचा पैसा आहे म्हणून तुम्ही वाट्टेल तसा वाटाल आणि वर विचाराल की माझा चांगुलपणा तुला खुपतो का? याला चांगुलपणा म्हणत नाहीत, याला मूड म्हणतात.

मी सरांकडे बघत होते. धार्मिक पुस्तकाबद्दल मुलगी असं बोलतेय म्हटल्यावर आमच्या घरी तरी ‘पुरे आता’ झालं असतं. सरांनी काहीच म्हटलं नाही. त्यांनी ते वाक्य क्लार्क भाऊंना वहीत लिहून घ्यायला सांगितलं. बँकेतल्या मुलाने जोरात मान हलवली. कंडक्टर काका म्हणाले, युनियनमध्ये असतो तर आपण संप केला असता. जाम हशा झाला.

मग त्या कोपऱ्यातल्या मावशी बोलल्या. आत्तापर्यंत त्या गप्प होत्या. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, त्या उतारा पुन्हा पुन्हा वाचत होत्या. तरुणपणी त्यांनी लोकांच्या शेतात कापूस वेचलाय. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. जेवढं वेचाल, तेवढं वजन, तेवढे पैसे. त्या म्हणाल्या, ‘पाच वाजेलोक जो उभा रायला, त्याले कोनी नेलं नाई. म्हातारा असन, नाईतर लंगडा असन. त्याच्या घरी रातच्याले चूल पेटवा लागते का नाई?’

पुढे कुणीच बोललं नाही. रूमीही नाही.

तुम्हाला वाटेल की इथे सरांनी निकाल दिला असेल. नाही दिला. शिलाईवाले काका म्हणाले, हे सगळं खरं, पण पहाटेपासून उन्हात राबला त्याचं काय, त्याच्या पाठीचं काय? त्यालाही उत्तर मिळालं नाही. दोन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक लिहिली गेली आणि फेरी संपली. ही वही हा एक भारी प्रकार आहे. जुन्या हजेरीपटाची आहे आणि तिच्यात फक्त न सुटलेले प्रश्न आहेत. मी मागची पानं चाळली. काही प्रश्नांपुढे नंतर वेगळ्या शाईत काहीतरी लिहिलंय, बरेच तसेच कोरे आहेत.

तिसऱ्या फेरीबद्दल मी लिहिणार नाही. तिथे लोक आपापल्या घरचं बोलतात आणि या गटाचा एक नियम आहे, की हॉलमधलं हॉलमध्येच राहतं. मी पाहुणी असले तरी नियम मलाही लागू.

नॉटिंगहॅमच्या मुली, केडगावच्या बाया

परत आल्यावर मी जरा शोधाशोध केली आणि मला सॉलिड शॉक बसला. मोठ्या माणसांच्या चर्चमधल्या क्लासची गोष्ट सुरू होते ती आपल्यासारख्या नोकरदार पोरींपासून! १७९८ मध्ये इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला विल्यम सिंगलटन आणि सॅम्युअल फॉक्स या दोघांनी प्रौढांसाठी रविवारची शाळा काढली. कुणासाठी? लेस आणि मोज्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तरुण मुलींसाठी. आठवड्याचे सहा दिवस कारखाना, सातव्या दिवशी बायबल वाचायला शिकायचं, त्याबरोबर लिहायला आणि हिशेबही.

मराठीत ही वाट जास्त खडतर. वाचायचं म्हटलं तर आधी पुस्तक हवं. बंगालमधल्या श्रीरामपूरला (आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, कन्फ्यूज होऊ नका!) विल्यम केरीच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठी शुभवर्तमान बाहेर पडलं. ते मत्तयाचंच होतं. म्हणजे द्राक्षमळ्याचा मालक मराठीत दोनशेहून जास्त वर्षं मजुरी वाटतोय. १८११ मध्ये आख्खा नवा करार छापून झाला. पण वाचणार कोण? ज्यांना शतकानुशतकं पाटीला हात लावू दिला नव्हता, अशा जातींतली माणसं पुढे मोठ्या संख्येने ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आली. त्यांच्यासाठी बायबलचा क्लास हाच साक्षरतेचा वर्ग होता. पुस्तक एक, कंदील एक, आणि वाचता येणारा एखादाच.

आणि पंडिता रमाबाई! त्यांचं नाव आपण स्त्रीशिक्षणाच्या धड्यात वाचतो आणि पुढचं पान उलटतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. पुण्याजवळ केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या बायबलचे खिळे जुळवले ते तिथल्या बायांनी, छापलंही त्यांनीच. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा त्यांच्या हातचं काम पुरं झालं होतं. पुस्तक बाहेर आलं १९२४ मध्ये. ज्यांना ‘वाचून काय करणार?’ म्हणून घरातून हाकललं होतं, त्यांच्यातल्या काही जणींनी पुस्तक अक्षर अक्षर जुळवून तयार केलं. याहून मोठं करिअर चेंज मला माहीत नाही.

खामगावच्या हॉलमध्ये आजही ही भाषेची गोष्ट चालू आहे. मावशींकडे जुनं भाषांतर, सरांच्या पिढीला तेच पाठ. बँकेतला मुलगा फोनवरच्या ॲपमध्ये इंग्लिश वाचतो. एक नर्सबाई सोप्या मराठीतलं आणतात. मला वाटलं, गोंधळ होत असेल. उलट तीन भाषांतरांत एखादा शब्द वेगळा निघाला की खरी मजा येते, मग ‘असं का?’ सुरू होतं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ केलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. ते कॅथलिक आणि ही खामगावची मंडळी प्रोटेस्टंट, पण पुस्तक मराठीत नीट कळावं ही तळमळ दोन्हीकडे सारखीच.

कॅथलिकांमध्ये सामान्य माणसांनी स्वतः बायबल उघडावं याला मोठी चालना मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६५ पासून. धर्मग्रामातली दहा-पंधरा घरं मिळून आळीपाळीने एकेकाकडे जमतात. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने अशा गटांसाठी सात पायऱ्यांची पद्धत बसवली, ती जगभर गेली. तिच्यातली एक पायरी मला फार आवडली, काही वेळ नुसतं गप्प बसायचं. लंडनच्या एका चर्चमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेला ‘अल्फा कोर्स’ तर आधी जेवायला घालतो आणि मग विषयावर येतो. पब्लिकला बोलावायची ही आयडिया पुण्यात कुठेही चालेल.

सर्टिफिकेटवाले आणि बिनसर्टिफिकेटवाले

ज्यांना पद्धतशीर शिकायचंय त्यांच्यासाठीही वाट आहे. बंगळुरूची ‘टाफ्टी’ ही संस्था १९७१ पासून नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या लोकांना ईश्वरविद्या शिकवते. घरी धडा वाचायचा, प्रश्न सोडवायचे आणि आठवड्यातून एकदा गटात बसायचं. डिस्टन्स लर्निंग म्हणा, पण शेजारी माणूस असलेलं. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला, बिबवेवाडीला गेली. विदर्भातली पोरं पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जातात, त्यांचं कॉलेजही गेलं.

सगळे गट खामगावसारखे असतात असं मी म्हणणार नाही. रूमीने पुण्यात असे दोन-तीन गट बघितलेत. एका ठिकाणी चालवणाऱ्याच्या हातात उत्तरं आधीच छापलेली होती आणि प्रश्न विचारला की ‘विश्वास कमी पडतोय’ असं ऐकावं लागायचं. दुसऱ्या ठिकाणी तासभर फक्त कुणाची कुठे नोकरी लागली हेच चाललेलं. ती दोन्ही सोडून बसली. मला वाटतं तिचं बरोबर होतं. मोठ्या माणसाला शिकवायचं तर त्याला ‘नाही’ म्हणायची मुभा हवी. रविवारच्या प्रवचनात ती नसते, पाळकसाहेब बोलतात आणि मंडळी ऐकते. गुरुवारचा हॉल लागतो तो याचसाठी. आणि माझ्या मनात जो प्रश्न होता तोही सांगून टाकते. मला कुणी काही पटवायला आलं नाही. चहा आला, कचोरी आली, ‘पुन्यात पानी येते का नियमित?’ हा प्रश्न चार जणांकडून आला. बस्स.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये हॉल बंद होता. अर्ध्या लोकांकडे साधे फोन, त्यामुळे व्हिडिओचा प्रश्नच नव्हता. बँकेतला मुलगा तेव्हा कॉलेजात होता. तो एकेकाला फोन जोडून कॉन्फरन्स कॉल लावायचा. कुणाकडे कुकरची शिट्टी, कुणाकडे कुत्रा. पण गुरुवार चुकला नाही.

‘तूच घे ना’

शुक्रवारी सकाळी अंगणात ऊन खात बसलो होतो. मी सरांना विचारलं, काका, रूमीलाच का? चर्चमध्ये शिकलेले इतके जण आहेत, पाळकसाहेब आहेत.

ते म्हणाले, पाळकांना गावोगावी जावं लागतं. बाकीच्यांना उत्तरं चांगली येतात. ‘हिले प्रश्न येतात,’ ते म्हणाले आणि हसले. मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, म्हणाले की मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा चाळिशीच्या होत्या आणि त्यांना अक्षर येत नव्हतं. नुसतं ऐकायला यायच्या. गटातल्या बायकांनी त्यांना मोठ्या टाइपवर बोट धरून वाचायला शिकवलं, दोन वर्षं लागली. ‘आपल्या आजीलेही असंच कोनी शिकवलं असन,’ ते म्हणाले.

हा इमोशनल अत्याचार आहे, असं रूमी नंतर मला म्हणाली. मी मान्य केलं.

तिची अडचण खोटी नाही. ती पुण्यात, हॉल खामगावात. तिचा विश्वास किती, हे तिचं तिलाच माहीत नाही, आणि न मानता शिकवणं तिला फसवणूक वाटते. बरं, खामगावची अर्धी तरुण मंडळी तिच्यासारखीच पुणे, मुंबई, नागपूरला. त्या अकरा जणांत तिशीच्या आतला एकटा बँकेतला मुलगा होता आणि त्याची बदली कधीही होऊ शकते. आणखी दहा वर्षांनी वही कुणाच्या घरी असेल?

शनिवारी संध्याकाळी ती एकटीच मावशींकडे गेली. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. रविवारी उपासनेनंतर तिने पप्पांना सांगितलं, फक्त जानेवारी. चार गुरुवार. पुढचं पुढे. फोन हार्मोनियमवर टेकवून ठेवायचा, ती पुण्याहून व्हिडिओवर प्रश्न विचारणार. हॉलमध्ये उतारा मोठ्याने वाचणार मावशी. मावशींनी आजवर गटात एकदाही मोठ्याने वाचलेलं नाही. त्यांनी आधी ‘नाई बा’ म्हटलं, मग चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचं ठरवलं.

पहिला विषय रूथचं पुस्तक. दुष्काळात घर सोडून गेलेलं कुटुंब, तिन्ही पुरुष गेल्यावर मागे राहिलेल्या सासू आणि सुना, आणि पुढे लोकांच्या शेतात पडलेली कणसं वेचून पोट भरणारी सून. प्रश्न बुधवारपर्यंत पाठवायचे असतात, कारण क्लार्क भाऊ त्यांच्या झेरॉक्स काढतात. त्याच बुधवारी रूमीचं रिलीज होतं. रात्री पावणेबाराला मला तिचा फोन आला. मागे कीबोर्डची टकटक आणि कुणीतरी पिझ्झाचे पैसे कोण देणार यावर भांडत होतं.

‘ऐक ना, पहिली फेरी, पहिला प्रश्न. “पहिल्या अध्यायात कोण कोण रडतं?” चालेल?’

‘मत नाहीये ना त्यात?’

‘नाहीये. मोजायचं फक्त.’

‘मग चालेल.’